म्हातारीचा आठवा पाय

सांगा सांगा म्हणून पोरांनी डोकं खाल्लंय, म्हणून सांगतो. मागं हीच सांगितली, तर चांगदेव खरातनं भर पारावर मला थापाड्या म्हटलं. तेव्हा मधे कोणी बोलायचं नाही.

फार पूर्वी, थंड डोंगरातल्या एका सफरचंदाच्या झाडावर लाल कोळी राहायचे. लाल कोळी म्हणजे मोहरीहून बारीक, आठ पायांची कीड. त्यांत एक म्हातारी होती, एक धाकटी.

दिवस आखूड झाले तशा दोघी सालीच्या फटीत शिरल्या. अंडी बंद, खाणं बंद. अंग नारिंगी झालं. उन्हाळ्यात अंड्यांसाठी जे प्रथिन अंगात बनतं ते थांबलं आणि थंडी सोसायचं दुसरं बनू लागलं. शिकलेले त्याला प्रथिन म्हणतात, मी आतली गोधडी म्हणतो.

ऐन थंडीत चार दिवस छान ऊन पडलं. धाकटी उठली.

"मावशे, चालले मी. पहिलं कोवळं पान माझं!"

"अगं बये, ऊन बघू नको, दिवस बघ. अजून आखूडच आहे. आता उठून खायला लागलीस तर आतली गोधडी विरेल. ती काही लगेच परत शिवता येत नाही."

"तुला उठवत नाही, म्हणून मला बसवतेस होय?"

गेली. पान कुठलं! नुसत्या काड्या. एक कळी कुरतडली, तेवढंच. पाचव्या दिवशी वारं फिरलं, बर्फ पडायला लागला. धाकटी लटपटत फटीशी आली. आत खोल जागा एकीपुरतीच, आणि तिथं म्हातारी बसलेली.

"मावशे..."

"तोंड मिटून आत शीर. माझी गोधडी शाबूत आहे, मी कडेला बसते."

दिवस लांबले, झाड फुटलं. धाकटी जगली. म्हातारीही जगली, पण कडेचा एक पाय गोठून गळाला होता.

धाकटी रडली. "चुकले गं मावशे. तुझ्यामुळं आज ऊन बघतेय."

"पुरे. सात काय कमी झाले? पान कुठाय ते दाखव."

धाकटीनं पहिल्या कोवळ्या पानावर आधी म्हातारीला चढवलं, मग आपण चढली.

तात्पर्य, नीट ऐका: ज्याच्या आडोशानं आपण तगलो, त्याचे उपकार तोंडानं बोलावेत, आणि चुकलो असलो तर तेही बोलावं. मोहरीहून बारक्या किडीला हे जमलं. राहिलाय फक्त चांगदेव खरात.