एक्सलची सलामी

"...मग आणखी कडक पोलादाचा का नाही करायचा, उस्ताद?"

धैर्यशील गाडीच्या मागे उकिडवा बसला होता. त्याच्या हातात मोडक्या एक्सलचा तुकडा होता. इंजिनाचा जोर मागच्या चाकापर्यंत नेणारा हा जाड दांडा सकाळच्या सरावात, गाडी सुटता सुटताच मोडला होता.

त्याची गाडी बांधणारे दस्तगीर उस्ताद जुन्या टायरवर बसून चहा पीत होते.

माळावरच्या बंद पडलेल्या धावपट्टीवर दुपारी शेवटची शर्यत होती. दोन गाड्या, सरळ रस्ता, पाव मैल. याआधी दोनदा धैर्यशील इथवर आला होता, आणि दोन्ही वेळा एक्सल मोडून रेषेवरच बसला होता. लोक आता त्याला नावानं हाक मारत नव्हते.

"काय एक्सलमोडे, ओढून न्यायला दोर आणलाय न्हवं?" पलीकडून इंद्रजित ओरडला. दुपारी त्याच्याशीच गाठ होती.

धैर्यशीलचे कान लाल झाले.

उस्तादांनी कप खाली ठेवला. पोत्यात गुंडाळलेला एक एक्सल बाहेर काढला.

"हा शेवटचा. ह्या गाडीला बसंल असा दुसरा आता कुठं मिळायचा न्हाई. हा गेला, की गाडी शेडात. कायमची."

"म्हणून तर विचारतोय..."

एक्सल बसवण्याआधी उस्ताद त्याच्यावर पांढऱ्या रंगाची एक सरळ रेघ ओढत. मोडक्या तुकड्यावर ती रेघ सुंभासारखी पिळली होती. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं.

"मोडायच्या आधी किती सोसलं बघ त्यानं."

"मला न पिळणारा पाहिजे, उस्ताद."

"न पिळणारा काचंसारखा जाईल."

"मग काय, जोर कमी लावू? आणि हरू?"

उस्ताद सावकाश उठले.

"हुबा ऱ्हा."

धैर्यशील उभा राहिला. उस्तादांनी हात मागे नेला आणि त्याच्या खांद्यावर थाडकन हाणला.

"आई गं! म्हातारपणी पण हात जड हाय तुमचा."

"सरकलास का?"

"मी? तालमीत वाढलोय मी."

मग उस्तादांनी तोच हात अलगद त्याच्या खांद्यावर ठेवला. केलं काहीच नाही. नुसता ठेवला...

धैर्यशीलचा श्वास शांत झाला. तेव्हा कुठे उस्तादांनी अंगाचा सगळा भार त्या हातात ओतला. धैर्यशील मागे, मागे, थेट शेडच्या पत्र्यावर जाऊन आदळला.

"तालमीत कुस्तीआधी काय करता रं?"

"हाताला हात लावतो. सलामी देतो."

"ह्याला कधी दिलीस?"

धैर्यशीलनं एक्सलवर हात ठेवला. क्लच तो नेहमी लाथ झाडावी तसा सोडत असे.

दुपारी दोन्ही गाड्या रेषेवर आल्या.

इंद्रजितचं इंजिन गुरगुरत होतं. धैर्यशीलनं हातब्रेक धरला आणि दिवा लागायच्या आधीच क्लच थोडा सोडला, अगदी थोडा. गाडीचं अंग ताणलं गेलं. आतला सगळा ढिलेपणा निघून गेला. मागे कुठेतरी एक्सलनं त्याचा हात धरला, असं त्याला वाटलं.

हिरवा दिवा लागला.

इंद्रजितची चाकं धूर काढत जागच्या जागी फिरली, मग गाडीनं झेप घेतली. धैर्यशीलनं हातब्रेक सोडला आणि पायाखाली होतं नव्हतं ते सगळं इंजिन ओतलं. गाडी मागे दबली, नाक उचललं, आणि कुठेही खाडकन आवाज न होता निघाली. अर्ध्या वाटेत दोन्ही गाड्या जोडीनं होत्या. शेवटच्या रेषेवर धैर्यशीलचं बोनेट पुढे होतं.

माळावर शिट्ट्यांचा कल्लोळ उठला. फेटे उडाले. कुणीतरी हलगी बडवायला घेतली. सगळ्यांच्या आधी इंद्रजितच धावत आला आणि त्यानं धैर्यशीलला खांद्यावर उचललं.

"ह्यो आमचा धैर्यशील! नाव घ्या रं सगळ्यांनी!"

गुलालानं माखलेला धैर्यशील त्याच्या खांद्यावरून उतरला आणि उस्तादांकडे पळत आला. पायाला हात लावताना त्याला हसू आणि रडू एकदमच येत होतं.

"टिकला, उस्ताद! टिकला! पण मी तर सावकाश सुटलो होतो... मग पुढं कसा गेलो?"

उस्तादांनी खांद्यावरच्या पंच्यानं त्याच्या डोळ्यांतला गुलाल पुसला.

"सावकाश कुठं गेलास, लेका? आज पहिल्यांदा गाडीला संगं घेऊन गेलास."