सोनटेकवर आभार मानत नाहीत

सोनटेक विद्यापीठात कार्यक्रम कितीही मोठा असो, शेवटी आभार कोणी मानत नाही. अध्यक्षांचे भाषण आटोपले की पाहुणे सवयीने मांडीवरची शाल सावरतात, कारण आता आभारप्रदर्शन आणि मग चहा, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. इथे मात्र माईक बंद होतो. पाहुण्यांना हलकेच सांगावे लागते, की आता खाली उतरा. ते उतरतात, मातीवर उभे राहतात आणि समोरच्यांना विचारतात, "कुणाचं काही सांगायचं राहिलंय का?" विचारून झाल्यावर गप्प उभे राहायचे, घड्याळाकडे बघायचे नाही, असा दंडक आहे.

नव्या माणसाला हे चमत्कारिक वाटते. कारण विचारले की त्याला रोपवाटिकेतल्या बंडूनाना यादवांकडे धाडतात. नाना त्याला टेकडीच्या पायथ्याशी, उंबराखाली घेऊन जातात आणि आधी जिना दाखवतात. घडीव काळ्या दगडाचा, बैलगाडी जाईल एवढा रुंद जिना सरळ माथ्यापर्यंत गेला आहे. त्याच्या सांध्यांतून कुसळी गवत माजले आहे. वर एक देखणे दालन आहे आणि त्यात कबुतरे राहतात. या जिन्यावरून कोणी का चढत नाही, ते नाना सांगतात. त्यांनी ते वडिलांकडून ऐकले आणि वडिलांनी बघणाऱ्यांकडून, असे म्हणतात.

ज्या जहागीरदाराने ही टेकडी विद्यापीठाला दिली, त्याचा एकच हट्ट होता म्हणे. गणिताचे दालन माथ्यावर हवे. ज्याला शिकायचे आहे त्याने घाम गाळून वर यावे, विद्या कोणाच्या दारी चालत जात नसते, असे त्याचे मत. जिना झाला आणि लोकांना त्याचा मोठा अभिमान वाटू लागला. सर्वांत जास्त अभिमान होता तो गणिताच्या अष्टपुत्रे सरांना. सर माणूस लाखातला. गरीब मुलांना स्वतःच्या घरी जेवू घालायचे, परीक्षेच्या आधी कुठल्याही वेळी दार उघडायचे. कोणाची जात त्यांनी कधी विचारली नाही. पहिल्या दिवशी ते नव्या मुलांना जिना चढायला लावत आणि वर पोचल्यावर म्हणत, "दमलात ना? आता तुम्ही माझे."

त्यांच्याकडे सुंद्रा येडगे नावाची मुलगी शिकायला आली. घाटमाथ्यावरच्या धनगरवाड्यातून कॉलेजात आलेली ती पहिलीच. लहानपणी आजारात तिचे दोन्ही पाय गेले होते. गणितात मात्र तिचा हात धरणारा वर्गात कोणी नव्हता. पहिले वर्ष खालच्या इमारतीत निघून गेले. दुसऱ्या वर्षी तास माथ्यावर लागले आणि प्रश्न उभा राहिला.

तो प्रश्न मुलांनी एका दिवसात सोडवला. दौलत साळोखे हा वर्गाचा म्होरक्या. त्याने एका खुर्चीला दोन्ही बाजूंनी वेळू बांधले, पाठीला झेंडूची माळ लावली आणि चौघांनी सुंद्राला खांद्यावर उचलून माथ्यावर नेले. "सुंद्राची पालखी आली!" अशी आरोळी ठोकत ते चढले तेव्हा सरांचे डोळे भरून आले. ज्यांच्या आज्यांनी एकमेकांच्या घरचे पाणी कधी घेतले नसते, अशी चार घरची चार पोरे एका पालखीला खांदा देत होती. सर ही गोष्ट प्रत्येक भाषणात सांगू लागले. दुरून पाहुणे यायचे ते जिना आणि पालखी बघायला.

पालखी टेकली की सुंद्रा रोज म्हणायची, "लई उपकार झालं, दादांनू." खाली उतरताना पुन्हा तेच. पालखीत ती ताठ बसून असायची, आणि सकाळपासून पाण्याचा घोट घेत नसे, कारण एकदा वर गेले की शेवटचा तास होईपर्यंत खाली येण्याची सोय नव्हती. हे पाण्याचे कोणाच्या ध्यानात आले नाही. कोणाच्या ध्यानात यायचे कारणही नव्हते म्हणा, सगळे चांगुलपणात बुडालेले.

एकदा मात्र ती बोलली. तास संपला होता, पोरे अजून आली नव्हती. ती म्हणाली, "सर, आपला तास खाली घेतला तर चालंल का? उंबराखाली?"

सर हसले. मायेनेच हसले, असे सांगतात. "अगं वेडे, मुलं तुला आनंदानं उचलतात. कधी कोणी कुरकुर केली का? तुला काही कमी पडतंय का सांग."

"कमी काय न्हाई, सर," ती म्हणाली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही.

पुढे एकदा पोरे कबड्डीच्या सामन्याला गेली आणि सुंद्रा वर राहून गेली. ते आठवून सर धावत जिन्याशी आले, तर ती निम्मा जिना उतरून आली होती. पुस्तके पदरात बांधलेली, एकेका पायरीवर हात टेकायचा आणि अंग खाली सोडायचे. सर ओरडले, "थांब, मी कोणाला तरी बोलावतो!"

"नगो सर. हुतंय माझं."

तिच्या तोंडावर धूळ होती आणि ती हसत होती. तिला अशी हसताना त्यांनी त्या दिवसापर्यंत पाहिले नव्हते. एवढे पाहिल्यावर तरी शहाण्या माणसाने थांबून विचारावे की नाही? पण सरांना दिसला तो आपला हलगर्जीपणा. दुसऱ्या दिवशी त्यांनी पोरांना फैलावर घेतले आणि पालखीच्या पाळ्या लावून दिल्या, म्हणजे पुन्हा असे होणे नको. त्या हसण्याची आठवण त्यांना पुढे जन्मभर टोचत राहिली म्हणे.

वर्षाअखेरीस विद्यापीठाने त्या चौघांना सेवापदक द्यायचे ठरवले. समारंभ अर्थातच माथ्यावरच्या दालनात. शेवटी आभारप्रदर्शन सुंद्राने करावे, ही कल्पना सरांची. तिला सांगितले तेव्हा तिने मान हलवली. ती होय म्हणून हलवली की आणखी कशासाठी, हे विचारायचे राहून गेले.

समारंभाच्या दिवशी पोरे पालखी घेऊन मुलींच्या वसतिगृहाशी गेली, तर सुंद्रा पहाटेच्या एस.टी.ने निघून गेली होती. वर दालनात पदके दिली गेली, भाषणे झाली. सूत्रसंचालकाने पुकारले, "आता आभारप्रदर्शन." कोणी उठले नाही. त्याने पुन्हा पुकारले. सभा तशीच बसून राहिली. सर व्यासपीठावरून दाराकडे बघत होते. शेवटी एकेकजण उठून गेला. ते आभार तेव्हा जे राहिले ते राहिलेच.

सर धनगरवाड्यावर गेले. वाट उभ्या चढाची, सरांचे वय झालेले, पोचेपर्यंत त्यांची छाती भात्यासारखी हलत होती. समोर बघतात तो सुंद्रा दोन्ही हातांत चपला अडकवून, अंगणातून मेंढरांच्या वाड्याकडे आणि वाड्यातून अंगणाकडे सरसर फिरत होती. कोकरांना हाकत होती, बापावर ओरडत होती. सर बघतच राहिले. विद्यापीठात तिला कोणी जमिनीला टेकूच दिले नव्हते.

तिने त्यांना पाणी दिले. ते पिऊन होईपर्यंत थांबली आणि म्हणाली, "एवढं चढून आला सर. मी एकदाच म्हणलं हुतं, खाली या म्हणून."

सर भांडे खाली ठेवून म्हणाले, "मी फळा खाली आणतो. मग येशील?"

"आणा की. येते मग."

सर परतले आणि कुलगुरूंशी भांडले. जिना म्हणजे विद्यापीठाची अब्रू, एका मुलीसाठी दालन बंद करता काय, असे बरेच बोलणे झाले. सर बधले नाहीत. त्यांनी फळा खाली आणून उंबराला टेकवला. ती इथे येऊन बसेपर्यंत मी या जिन्याला पाय लावणार नाही, अशी शपथ त्यांनी सर्वांदेखत घेतली, आणि एस.टी.च्या कंडक्टरकडून वाड्यावर निरोप धाडला. सोमवारी येते, असा उलटा निरोप आला.

एक गोष्ट मात्र सरांनी केली नाही. ती का गेली, हे त्यांनी पोरांना सांगितले नाही. त्यांना सांगायची लाज वाटली, असे काही म्हणतात. पोरांचे मन मोडेल म्हणून सांगितले नाही, असेही म्हणतात. आली की आपोआप कळेल, असे त्यांनी स्वतःला समजावले असावे.

सोमवारी एस.टी. फाटकाशी थांबली. सर दूर उंबराखाली फळ्यापाशी उभे होते, नवा खडू हातात धरून. दार उघडले. पुढच्याच बाकावर सुंद्रा होती, हातांत चपला अडकवून उतरायच्या तयारीत. आणि तेवढ्यात दौलत आणि त्याचे सोबती फाटकातून धावत आले. पोरांनी रात्रंदिवस खपून खुर्चीला नवे पॉलिश केले होते, वेळू नवे घातले होते, झेंडू दुप्पट लावला होता. फाटकापासून उंबरापर्यंत तरी तिला मिरवत न्यायचे, या विचाराने त्यांच्या मनात किती आनंद होता ते काय सांगावे. "सुंद्राची पालखी आली!" दौलतने आरोळी ठोकली.

सर ओरडले, "खुर्ची मागे घ्या!" पण पोरांच्या गलक्यात ते कोणाला ऐकू गेले नाही. ते धावले. धावता धावता खडू पडला.

कंडक्टर नंतर सांगायचा, की तिने खुर्चीकडे पाहिले, मग धावत येणाऱ्या सरांकडे पाहिले. रागावली वगैरे नाही. हातातल्या चपला काढून तिने मांडीवर ठेवल्या आणि म्हणाली, "मला पुढचं तिकीट द्या."

त्याने दोनदा घंटी ओढली.

सर पुन्हा एकदा वाड्यावर गेले. तिचा बाप धुळा येडगे याने त्यांना घोंगडी अंथरून दिली. "ती हितं न्हाई," तो म्हणाला. "आन् असती तरी ह्या बारीला मी हाक मारली नसती." ती पुढे कुठे गेली याबद्दल एकमत नाही. कोकणात उतरून तिने पोरांना गणित शिकवले असे काही सांगतात, त्याच सालच्या तापात ती गेली असे काही. खरे कोणालाच माहीत नाही.

सरांनी शपथ पाळली. उरलेली सगळी वर्षे ते उंबराखाली शिकवत राहिले आणि हळूहळू बाकीचे वर्गही खाली आले. निवृत्तीच्या समारंभात दौलत साळोखे आभार मानायला उठला, तेव्हा सरांनी त्याचा हात धरून त्याला खाली बसवले. तोवर दौलतला सगळे कळले होते. सर म्हणाले, "इथले आभार एका मुलीचे राहिलेत. ती येऊन मानील किंवा मानणार नाही, तिची मर्जी. आपण विचारायचं तेवढं विचारू." मग ते मातीवर उतरले आणि त्यांनी तो प्रश्न पहिल्यांदा विचारला. उत्तर आले नाही. ते अंधार पडेपर्यंत उभे होते म्हणे.

आता उत्तरे येतात. मागे एका कातकरी मुलाने सांगितले, की मास्तर भरभर बोलतात ते निम्मे डोक्यावरून जाते. एका आंधळ्या मुलीने सांगितले, की मला हात धरून नेऊ नका, दोरी बांधा. ती दोरी अजून वाचनालयापर्यंत बांधलेली आहे. त्या मुलीचे कोणी कौतुक केले नाही आणि तिनेही आभार मानले नाहीत.

आजही सकाळची एस.टी. फाटकाशी थांबते, उतरणारा असो वा नसो. कंडक्टर दार उघडतो. उंबराखालचे बोलणे तेवढ्यापुरते थांबते आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळतात. जागचे कोणी उठत नाही, पुढे कोणी धावत नाही. दार थोडा वेळ उघडे राहते. मग कंडक्टर दोनदा घंटी ओढतो.