मागाखालची मांजर

फार पूर्वी गोदावरीकाठी अरिंदम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व विणकराच्या कुळात जन्मले होते. त्यांच्या पत्नीचे नाव कुमुदा.

एकदा त्यांच्या मागाखालच्या, विणताना पाय सोडायच्या खड्ड्यात एक भटकी मांजर येऊन दडली. माणसांचे दगड खाऊन ती इतकी भेदरली होती, की सावली हलली तरी फिस्कारायची. तिच्या जबड्याखाली मोठी गाठ होती. बोधिसत्त्वांनी खड्ड्यात जुने वस्त्र अंथरले आणि मागावर बसणे सोडले.

राजकन्येच्या लग्नाचा शेला तेव्हा त्याच मागावर होता. विणकरांच्या श्रेणीचा, म्हणजे संघाचा, प्रमुख भद्रक दारात आला.

"काठी घाल आणि हाकल तिला. बरी होणार आहे का ती?"

"नाही."

"हात तरी लावू देते?"

बोधिसत्त्वांनी ओरबाडलेले मनगट दाखवले. "नाही. मरताना तिला कोणी हाकलू नये, एवढंच मला हवंय. शेला दुसऱ्याला द्या."

भद्रकाने शेला नेला आणि त्यांना श्रेणीबाहेर काढले. बोधिसत्त्व पोटासाठी लाकडे वाहू लागले. कुमुदा मनातून चिडली होती. तरी पेज घेऊन ती खड्ड्याशी गेली. मांजर वाडग्याकडे नव्हे, तिच्या हातातल्या पळीकडे टक लावून पाहत होती. कुमुदाने पळी दूर ठेवली. तेव्हा कुठे मांजर प्यायली. त्यानंतर कुमुदा चिडली नाही.

काही दिवसांनी भद्रकाची माणसे मांजर हाकलायला काठ्या घेऊन आली. बोधिसत्त्व घरी नव्हते. कुमुदा खड्ड्यात पाय सोडून बसली.

"आधी मला उचला," ती म्हणाली.

परस्त्रीला हात लावायला कोणी धजेना. ते परत गेले.

पुढे एका दुपारी मांजर आपणहून वर आली आणि दोघांसमोर, उघड्या जमिनीवर आडवी झाली. त्यांनी हात पुढे केला नाही. तिथेच तिने प्राण सोडला.

भद्रकाने निरोप धाडला, "क्षमा मागा आणि परत या."

"चूक केली असती तर मागितली असती," कुमुदानेच उत्तर दिले. दोघांनी माग उचलला आणि नगराबाहेर मांडला.

विहारातल्या एका आजारी भिक्षूला बाहेर काढण्यावरून वाद झाला, तेव्हा जमलेल्यांना ही कथा सांगून शास्ते, म्हणजे बुद्ध, म्हणाले, "आजाऱ्याला विहाराबाहेर काढा म्हणणारा हा भिक्षू तेव्हा भद्रक होता. कोणालाच जवळ येऊ न देणारा हा आजारी भिक्षू ती मांजर होती. दारात आडवी उभी राहिलेली ही भिक्षुणी कुमुदा, आणि विणकर मी होतो. परतफेडीची आशा नसताना जी मागे हटत नाही, ती मैत्रीची पारमिता, म्हणजे परिपूर्णता."