बाधणाऱ्या दह्याची कहाणी

ऐका गं बायांनो, अक्षता हातात घ्या. सुमे, जांभई आवर. आज विरजणबाईची कहाणी आहे. मला वाचता येत नाही म्हटलं तरी चालेल, पोथी नुसती मांडीवर धरलीय. तोंडानंच सांगते. या कहाणीत एका बाईला किंमत मोजावी लागली. काय मोजली ते ओळखा. ओळखलंत तर परातीतला पहिला घास तुमचा. चुकलात तर आजची भांडी तुमची. पैसा म्हणू नका, पैसा नाही.

एक नगर होतं. आटपाट म्हणतात तसलंच, पण इवलंसं. एका टोकाला फोडणी पडली की दुसऱ्या टोकाला ठसका लागायचा. तिथं सगुणाबाई म्हणून एक म्हातारी राहायची. एक मुलगा, एक सून अनसा, एक नात छबी. गोठ्यात गाय, शिंकाळ्यावर गाडगं, गाडग्यात दही. दही तरी कसलं! गाडगं पालथं घातलं तरी हलायचं नाही.

म्हातारीचा नेम होता. दिवा लावायचा, मग दुधाला विरजण लावायचं. शेवटचा चमचा कुणाला खाऊ द्यायचा नाही, तो उद्याचा. आणि दारात कुणी वाटी घेऊन आलं तर नाही म्हणायचं नाही. कुंभारीण आली, दिलं. तेलीण आली, दिलं. वाटेवरची आली, तिलाही दिलं. मुलाला वाढलं, सुनेला वाढलं, नातीला सायीसकट भरवलं. आणि आपण? आपण गाडगं विसळून पाणी प्यायची. अनसा नवी नवी असताना विचारायची, "आत्याबाई, तुम्हांला वाढू?" म्हातारी म्हणायची, "नको गं, मला दही बाधतं." मग अनसानं विचारायचंच सोडलं.

मग म्हातारी आजारी पडली. अन्न सुटलं. पाणी सुटायची वेळ आली. अनसानं विचारलं, "आत्याबाई, काही हवं का?" म्हातारीनं शिंकाळ्याकडे बघितलं. म्हणाली, "चमचाभर दही दे."

"अहो, बाधेल ना तुम्हांला!" अनसा म्हणाली, आणि पेज आणली. म्हातारी हसली, पेज प्यायली, आणि गेली.

मग गाडगं अनसाच्या हाती आलं. कुंभारीण आली, "नाही." तेलीण आली, "नाही." वाटेवरची आली, "आमचंच पुरत नाही, बाई." गाडगं तर काठोकाठ भरलेलं! सायीची अनसाला भारी हौस. एका दुपारी तिनं बोट घातलं. एकदा चाटलं, दुसऱ्यांदा चाटलं, तिसऱ्यांदा तळ पुसून घेतला. हसू नका, तुमचीही बोटं मी बघितलीत. संध्याकाळी दूध तापवलं, शिंकाळं उतरवलं, बघते तर गाडगं कोरडं ठणठणीत.

मग तिनं बाजारचं दही आणून विरजलं, ते आंबटढाण. चिंच टाकली, दूध फाटलं. मिरचीचे देठ टाकले, नुसती तार सुटली.

त्याच सुमाराला छबीला ताप आला. ताप उतरला, पण पोर काही खाईना. भात दिला, थुंकला. पेज दिली, थुंकली. दूध दिलं, तोंड फिरवलं. "आजीचं दही दे," एवढंच म्हणायची. वैद्य म्हणाला, "पोटात काही गेलं तर पोर उठेल. नाही तर मला पुन्हा बोलवू नका."

मग अनसा वाटी घेऊन निघाली.

पहिल्यांदा कुंभारणीकडे गेली. "बाई, मला विरजण दे." कुंभारीण म्हणाली, "आमचं उन्हानं नासलं. तुझ्याकडेच आले होते की, आठवतं का? पण तुझी सासू मला आठवते हो. मी बाळंतीण होते, घरात दाणा नव्हता. रोज कुडातून दहीभात सरकवायची. तो तिच्या स्वतःच्या ताटातला होता, हे मला फार उशिरा कळलं."

मग तेलणीकडे गेली. "बाई, मला विरजण दे." तेलीण म्हणाली, "तुझ्या दारातून रिकामी परत आले, तेव्हापासून घरात दही नाही. तुझा नवरा रांगत होता ना, त्या साली गाई आटल्या होत्या. गाडग्यात चार घास राहिलेले. तुझ्या सासूनं पोराला भरवलं. मी म्हटलं, तूही खा गं. तर म्हणते, मला बाधतं. मी म्हटलं, कालपर्यंत तर बोटं चाटत होतीस! तर म्हणाली, 'कालपर्यंत पुरत होतं.'"

अनसानं रिकामी वाटी पदराखाली झाकली.

आता एकच दार उरलं होतं. मग ओढा ओलांडून ठमाबाईकडे गेली. ठमाबाई म्हणजे महाखोडकर म्हातारी. नवरदेवाच्या जोड्यात शेण भरणारी. सगळं गाव तिला टरकून असायचं.

"कोण गं तू?"

"सगुणाबाईंची सून."

"कोण सगुणा? मी नाही ओळखत. माझ्या माहेरची एक भिवरा होती. दोघी एकाच गाडीतून इथं नांदायला आलो. तिच्या आईनं एका गाडग्यातलं विरजण दिलं, अर्धं तिला, अर्धं मला. सासरी तिची सगुणा केली. दही तेवढं भिवराचंच राहिलं."

"आम्हांला नावच ठाऊक नव्हतं, मावशी."

"विचारलं होतंस?"

मग अनसा रडली. चमचाभर दही मागितलेलं सांगितलं. पेज आणलेली सांगितली. ठमाबाई जन्मभर सगळ्याला हसली होती, ती तेव्हा हसली नाही.

मग म्हणाली, "विरजण देते. फुकट नाही देणार." आणि अनसाच्या कानात काही सांगितलं.

अनसा दचकली. "ते सोडून काहीही मागा, मावशी. ही माझी पाटली घ्या."

"पाटली घालू कुणाला, म्हशीला? पोर वाट बघतेय तुझी."

मग अनसा हो म्हणाली. विरजण आणलं, दिवा लावला, दुधाला लावलं. सकाळी बघते तर दही घट्ट. छबीनं एक घास खाल्ला, डोळे उघडले. दुसरा खाल्ला, उठून बसली. तिसरा खाल्ला आणि म्हणाली, "आई, साय कुठाय?"

मग अनसानं वसा घेतला. शेवटचा चमचा ठेवायचा. दारातलीला नाही म्हणायचं नाही. आणि घरात जी बाई 'मला बाधतं' म्हणेल, तिला आधी वाढायचं.

छबी जशी उठून बसली, तशी तुमची आमची लेकरं उठोत, त्यांच्या आया आणि आज्या पोटभर जेवोत. लांबलचक कहाणी मी एवढीशी करून सांगितली, ती तुम्हां आम्हां फळाला येवो.

आता बोला, ओळखलंत का? पोर वाचणार हे सुमीलाही झोपेत कळलं होतं, त्याला घास नाही. मी किंमत विचारली होती. गप्प का? भांडी पडलीत तिकडे.

अनसाच्या दारात आजही कुणी वाटी घेऊन येतं. ती विरजण घालते, पण वाटी लगेच देत नाही. ओळखीची असो, वाटेवरची असो, तिच्या डोळ्यांत बघून आधी म्हणते, "हे भिवराबाईचं दही. तिला फार आवडायचं. जाताना तिनं चमचाभर मागितलं, आणि मी दिलं नाही."

मगच वाटी हातात देते.