ठकूबाईची फेरी

खूप मागची गोष्ट आहे, घाटात मोटारीचा रस्ता यायच्या कितीतरी आधीची. आमच्या वाकणवाडीत म्हाकू नावाचा वाटाड्या राहायचा. कोकणातून मिठाचे बैल घेऊन व्यापारी यायचे, त्यांना कड्याकपारीतून वर आणायचं हे त्याचं काम. त्याच्या घरात भुऱ्या नावाचा कुत्रा होता आणि ठकू नावाची बायको होती. कुत्र्याचं नाव आधी घेतलं म्हणून रागावू नका. म्हाकूच्या घरी क्रमच तसा होता.

काम नसलं तरी म्हाकू भुऱ्याला घेऊन डोंगरात फिरायला जायचा. उन्हं कलली की दोघं निघायचे आणि दिवेलागणीला परत यायचे, अंगभर कुसळं आणि तोंडभर हसू घेऊन. ठकू विचारायची, "मला बी न्या की एकडाव." म्हाकू म्हणायचा, "बाईमाणसाचं काय काम तिकडं?" ठकूचं जग पाणवठ्यापाशी संपायचं. तिला त्या कुत्र्याचा हेवा वाटायचा. इतका, की भुऱ्या दारातून आत येताना तिच्या चुलीवरचं दूध उतू जायचं, असं म्हणतात.

आमच्याकडे एक समजूत आहे. भाकरी दिवसभर बगलेत धरून काम करायचं आणि घामाने भिजलेली ती भाकरी कुत्र्याला घालायची. मग ते कुत्रं जन्मात दुसऱ्या कुणाचं होत नाही. ठकूने तेच केलं. एका संध्याकाळी म्हाकूने दारात उभं राहून शीळ घातली, तर भुऱ्याने नुसता कान हलवला आणि ठकूच्या पायावर मान टाकली. म्हाकूने पुन्हा शीळ घातली. भुऱ्याने डोळेच मिटले.

मग हेव्याची पाळी म्हाकूची आली. तो जेवायला बसला की भुऱ्याकडे पाठ करून बसायचा. बायकोला म्हणाला असता, "तू चल, म्हणजे तो बी येईल," तर सगळं तिथेच मिटलं असतं. पण तेवढं एक वाक्य त्याच्या तोंडून निघेना.

संक्रांत झाली. दुसरा दिवस करीचा. करीला कुणी प्रवासाला निघत नाही, पण घाटाखाली व्यापारी अडकून पडले होते आणि म्हाकू घरात बसून कंटाळला होता. तो एकटाच निघाला. जाताना भुऱ्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "वाट माझी हाय, कुत्र्याची न्हाई."

त्या दिवशी असं धुकं पडलं की माणसाला स्वतःचा हात दिसेना. धुक्यात वाट हुंगून काढायची ती भुऱ्याने. दुपारी मिठाचे बैल आपल्या सवयीने वर आले, मागून घाबरलेले व्यापारी आले. म्हणाले, "वाटाड्या आमच्या पुढं हाका मारत चालला होता. मग हाका थांबल्या."

गावातले बापये वेशीपर्यंत गेले आणि थांबले. त्या वाटा कुणालाच ठाऊक नव्हत्या. भुऱ्याला ठाऊक होत्या, पण तो ठकूशिवाय पाऊल उचलेना. तेव्हा ठकूने पदर खोचला, बैलाचा दोर खांद्यावर टाकला आणि जन्मात पहिल्यांदा पाणवठ्याच्या पलीकडे गेली.

भुऱ्या आपल्या रोजच्या वाटेने निघाला. आधी तिला कातळाच्या सड्यावर, उघड्या सपाटीवर नेऊन बसला. तिथे धुकं जरा फाटलं आणि खाली अख्खं कोकण दिसलं, नदी, माडांच्या रांगा, टोकाला चमकणारा समुद्र. ठकूचा जीव नवऱ्यासाठी तुटत होता, तरी ती ओरडली, "हे समदं एकल्यानं बघत हुता व्हय!" तिचा आवाज ऐकून धुकंच घाबरलं आणि मागे सरलं, असं म्हणतात. पुढे देवराईत एक जाड वेल लोंबत होती, बसून बसून गुळगुळीत झालेली. "आणि या वयात झोके!" ती पुन्हा ओरडली. धुकं आणखी मागे सरलं आणि कड्याच्या पोटात, एका अरुंद कपारीवर म्हाकू दिसला. त्याचा पाय मोडला होता.

त्याने वर पाहिलं आणि म्हणाला, "भुऱ्या, आलास रं?"

"दोर म्या आणलाय," ठकू म्हणाली. "भुऱ्यानं न्हाई."

म्हाकूच्या डोळ्यांत पाणी आलं. "चुकलं माझं," तो म्हणाला. "तुला आधीच आणायला पायजे हुतं."

ठकूने दोर खाली सोडला आणि त्याला वर ओढलं. मग पाठीवर घेऊन ती निघाली, नि मिठाचं पोतं घेतल्यासारखी ताठ चालली, असं म्हणतात. म्हाकू म्हणाला, "डावीकडनं जवळ पडतं." ठकू म्हणाली, "गप ऱ्हावा. मला अजून बघायचंय." आणि ती लांबच्या वाटेने आली.

म्हाकूचा पाय नीट झाला नाही. पुढे मिठाचे बैल ठकूबाईनेच वर आणले. रोज संध्याकाळी ती नि भुऱ्या फिरायला जायचे आणि म्हाकू उंबऱ्यात बसून वाटेकडे बघत राहायचा.

अजूनही करीला आमच्या वाकणवाडीतल्या बायका आपापली कुत्री घेऊन डोंगरात जातात. याला ठकूबाईची फेरी म्हणतात. जिच्या घरी कुत्रं नाही ती शेजारणीचं मागून नेते. त्या दिवशी भाकऱ्या पुरुषांनी थापायच्या आणि कुणी मागोमाग जायचं नाही. संध्याकाळी बायको परत येते, पाय लाल मातीने भरलेले आणि गाल थंडीने फुललेले. मी विचारतो, काय पाहिलंत? ती माझी जाडजूड भाकरी मोडत म्हणते, "काही नाही हो, वारा छान होता." आणि ती नि कुत्रं एकमेकांकडे बघतात.