देवू पाणबुड्याचं शिसं

फार फार वर्षांपूर्वी, खारवण्याच्या खाडीत मचवे अजून शिडावर चालत, तेव्हाची ही गोष्ट. गावात देवू नावाचा एक पाणबुड्या होता. एकदा बुडी मारली की चुलीवरचा भात शिजेपर्यंत तो वर येत नसे, असं म्हणतात. खाडीच्या तोंडाशी कुणा परक्यांचं जुनं जहाज बुडालेलं होतं. त्याच्या तळाला ठोकलेले शिशाचे पत्रे देवूने तीन उन्हाळे खपून एकट्याने उचकटून आणले, त्यांचे मणी पाडले आणि घरोघरच्या जाळ्यांना बांधले. त्याआधी लोक जाळ्यांना दगड बांधत आणि निम्मे दिवस उपाशी झोपत. शिसं आलं आणि गाव पोटभर जेवू लागलं.

पण दरवर्षी मोठ्या भरतीबरोबर चाचे येत आणि माणसं धरून नेत. नेलेल्यांना ते साखळीने वल्ह्याला जखडत. आदल्या वर्षी देवूचा एकुलता एक मुलगा सोमा त्यांनी नेला होता.

त्या वर्षी गावकाराने, म्हणजे गावच्या मुख्याने, कुठून तरी तीन बंदुका पैदा केल्या. दारू होती, गोळ्या नव्हत्या. सगळ्यांचे डोळे जाळ्यांकडे गेले आणि तिथून देवूकडे. शिसं त्याने आणलेलं. तो हो म्हणाल्याशिवाय एक मणी तोडायची कुणाची छाती नव्हती.

"वल्ह्यार आपलीच पोरां आसतत," देवू म्हणाला. "गोळी काय नाव इचारून लागता?"

तेव्हा शेजारची सखू पुढे आली, दोन लेकरं पदराशी धरून. "तुझो झील गेलो, देवूकाका, ता माका म्हायत आसा. पण औंदा माझी ही दोघांव जातली. मिया काय करू, सांग."

देवू दिवसभर पाण्याकडे बघत बसला. मग उठला, घरोघर फिरून जाळ्यांचं शिसं सोडवलं, कढईत वितळवलं आणि गोळ्या ओतल्या. कुणाला हात लावू दिला नाही. "पाप एकाच्याच हाताक लागांदे," म्हणाला.

चाचे आले. गोळ्या संपेपर्यंत बंदुका धडाडल्या; शेवटच्या बारात सुकाणूवाला पडला आणि गलबत खडकावर फुटलं. चाचे बुडाले, आणि जखडलेले वल्हेकरीही त्यांच्याबरोबर तळाला गेले. गावाने ढोल काढला खरा, पण वाजवायला कुणाचा हात उचलेना.

मग भूक आली. जाळ्यांना पुन्हा दगड बांधले, पण ती रिकामीच वर येऊ लागली. देवू पुन्हा खाडीत उतरला. फळ्यांतून, चिखलातून, मढ्यांतून तो एकेक गोळी वेचून आणी आणि तिचा मणी पाडी. सात दिवस खाडीत लाट उठली नाही, असं म्हणतात. सातव्या दिवशी तो वर आला तेव्हा खांद्यावर साखळीसकट सोमा होता. त्याच्या छातीतून काढलेली गोळी बापाच्या मुठीत होती.

सगळी जाळी पुरी झाली, फक्त एका मण्याची जागा उरली. लोकांनी त्याच्या मुठीकडे पाहिलं.

"ह्या नाय," एवढंच देवू म्हणाला. त्याने सोमाला अग्नी दिला आणि मूठ तशीच आवळून पाण्यात उतरला. चुलीवरचा भात शिजला, करपला, चूलही विझली. देवू वर आला नाही.

आता खारवण्यात जाळी नायलॉनची आहेत. तरी नवं जाळं बांधताना खालच्या दोरीवर एका मण्याची जागा रिकामी सोडतात. तेवढ्या ठिकाणी जाळं तळाला टेकत नाही आणि मासे निसटतात. बाहेरगावचा कुणी हसला, तर म्हातारी माणसं रागावत नाहीत.

"जावंदेत," म्हणतात. "ते सोमाचे."