पातेल्याची धास्ती

भांडी आपापसांत बोलत असत, त्या काळी वेणूताईंच्या स्वयंपाकघरात दुधाचे एक पातेले होते. चूल पेटली की त्याला धास्ती वाटे: आज दूध उतू गेले तर? त्यातच एका संध्याकाळी वेणूताईंनी बजावले, "उद्या पुन्हा दुधाने चूल विझली, तर हे पातेले कोंबड्यांना पाणी ठेवायला जाईल."

सकाळी दूध तापू लागताच पातेले थरथरू लागले. झाकण त्याच्यावर घट्ट बसले आणि म्हणाले, "घाबरायचे नाही म्हणजे नाही. माझ्यासारखे शांत राहा." थोड्याच वेळात फेसाने झाकणालाच उचलले. ते किंचाळत फरशीवर आदळले आणि त्याला मोठा पोचा आला.

तेवढ्यात लाकडी पळी पातेल्याच्या तोंडावर आडवी झाली.

"पळीताई, हा फेस थांबवा हो."

"तो कशाला थांबवायचा? माझ्यापर्यंत येऊ दे."

फेस वर आला, पळीला टेकला, फुटला आणि खाली बसला.

"पुन्हा येतोय," पातेले कळवळले.

"येणारच. आपण चुलीवर बसलो आहोत, पाटावर नव्हे."

दूध नीट तापले. चूलही विझली नाही. दुसऱ्या दिवशी धास्ती ठरल्या वेळी आलीच, पण पातेल्याने आधी पळीला हाक मारली.

पोचा आलेले झाकण अंगणात कोंबड्यांच्या पाण्यासाठी गेले. तेथेही ते दरडावते, "घाबरायचे नाही." मग कोंबड्या दचकून पळतात.